फ्रिजवरचा कागद

मार्व्याला बोटीत चढताना सुटे पैसे मुठीत ठेवा.
पलीकडचा किनारा दिसतो इतका जवळ,
तरी सगळे परदेशी निघाल्यासारखे बसतात.
ओहोटी असली तर धक्का लांब जातो, चिखल जवळ येतो.
चपला काढायची लाज धरू नका.

भरतीची वेळ मोबाईलवर दिसते,
आणि मोबाईलला रेंज फक्त विहिरीच्या काठावर.
म्हणून तिथी घ्या, तिच्यातली चौथाई काढून टाका,
उरेल तो भरतीचा तास. अष्टमीला सहा.
कॅलेंडर दाराआड आहे.
पुनवेला, अवसेला उधाण असतं,
मुलांना दगडी पायरीच्या पुढे सोडू नका.
भांगाचं पाणी गरीब,
पण त्यालाही पाठ दाखवू नये.

कुलूप खाऱ्या वाऱ्याने आखडलंय.
किल्ली घालून आधी जरा उचला, मग फिरवा,
मनात काहीतरी बोला. शिवी चालते.
कठड्यावरची खोबरेलची बाटली
कुलपाची आहे, केसांची नाही.

विहिरीचं पाणी आंघोळीला, प्यायचं पिंपात.
उलट केलंत तर पहिल्या घोटालाच विचाराल
चहात मीठ कुणी टाकलं.

खुर्ची माडाखाली ओढू नका.
मागच्या मे महिन्यात ठाण्याच्या एका साहेबांनी ओढली.
नारळ साहेबांना लागला नाही, लॅपटॉपला लागला.
तासभर ते गप्प बसले,
मग दोन दिवसांत पहिल्यांदा समुद्राकडे गेले.
परत येऊन भरपाई मागितली.
मी नारळ दिला.

रात्री न्हाणीत खेकडा येतो.
तो तुमच्या आधीपासून राहतो.
सुपलीने उचला, दाराबाहेर ठेवा.
अर्ध्या तासात परत येईल,
तोवर दात घासून घ्या.

समोर बोंबील वाळत असतात.
वास येतो, हे आम्हालाही माहीत आहे.
खिडकी लावा, पण नाकाला रुमाल लावून
हर्मिनाच्या अंगणावरून जाऊ नका.
ती बघते, बोलत नाही,
संध्याकाळी भाव वाढवते.

शेवटची बोट पाटीवर साडेदहाची.
नाखवा दहालाच जांभया द्यायला लागतो.

पलंग डावीकडे खोलगट आहे.
वर्षातले दोन महिने तिथे प्लासिड झोपतो,
उरलेले दहा जहाजावर.
दोघं असाल तर भांडून झोपण्यात अर्थ नाही,
पहाटेपर्यंत दोघंही त्याच खड्ड्यात घसरता.
कपाटाचा तिसरा खण उघडत नाही.
म्हणजे, उघडायचा नाही.

वहीत अभिप्राय लिहा, मराठीत लिहिलात तरी चालेल.
दिवाळीत एका बाईंनी लिहिलं,
इतकं स्वच्छ, की इथे कुणी राहत असेल
असं वाटतच नाही.
मी ते वाक्य दोनदा वाचलं.
मग उठून फडकं पिळलं.

पहाटे साडेपाचला मागून रहाट वाजेल.
चोर नाही, मी आहे.
पंप लावला की तुमची झोप मोडते,
म्हणून हाताने ओढते.
तुम्ही असता तेव्हा मी मागच्या खोपीत असते,
जाळी, लाकडं आणि तपासायच्या वह्यांसोबत.
काही लागलं तर युलालिया अशी हाक मारा.
मॅडम म्हणू नका,
ते सोमवारपासून शाळेत आहेच.

निघताना पंखे बंद करा.
वाळू अंगणातच झटका, ती इथलीच आहे.
उशांच्या खाली एकदा हात फिरवा.
चष्मे राहतात, चार्जर राहतात,
एकदा एका मुलीचा दात राहिला,
दुधाचा, टिश्यूत गुंडाळलेला.
तीनदा फोन लावला, कुणी उचलला नाही.
उशीखाली का ठेवला होता मला कळलं नाही.
आमच्याकडे दात कौलांवर टाकतात.
मी टाकला.
एव्हाना नवा आला असेल.